४११७ चा रिकामा नंबर

दिवा जरा इकडे सरकवा. अंधारात थापा चांगल्या रंगतात, म्हणून ही गोष्ट मी उजेडातच सांगतो. माझ्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायचं, असं माझी बायको सगळ्यांना बजावून ठेवायची. कोणतं निम्मं, तेही तीच सांगायची. आता ती सोय राहिलेली नाही.

सुट्टीचा दिवस होता. दुपारी तीनला मी ऑफिसात गेलो. काम तासाभराचं. जुना सर्व्हर संध्याकाळी सहाला कायमचा बंद होणार होता, त्यातल्या नोंदी आदल्या दिवशीच नव्या सर्व्हरवर आल्या होत्या. नवा सर्व्हर नंबर नीट देतो का, एवढं तपासून मला सही करायची होती. मी टेस्टर. लोकांच्या चुका शोधून पगार घेतो.

नंबरांचं प्रकरण सोपं आहे. दवाखान्यात टोकन देतात ना, तसंच. नवी नोंद सुरू केली की यंत्र पुढचा नंबर देतं. तुम्ही नोंद पक्की केलीत तर ती त्या नंबरावर कायम बसते. मध्येच रद्द केलीत तर नोंद जाते, पण नंबरही वाया जातो. तो पुन्हा कुणालाच मिळत नाही. म्हणून यादीत मध्ये मध्ये भोकं दिसतात. मात्र बाहेरून पाहणाऱ्याला एक गोष्ट कळत नाही. भोक दिसलं, तर लिहिणारा कागद फाडून गेलाय, की टोकन हातात घेऊन अजून लिहीतच बसलाय?

बायकोही टेस्टरच. शेजारच्याच टेबलावर. चाचणीच्या यादीत बाकीचे लोक काहीबाही खरडायचे, आम्ही दोघं चिठ्ठ्या लिहायचो. 'येताना बल्ब आण.' 'कालचं भांडण मी जिंकले, नोंद घे.' कधी ती लिहायची आणि रद्द करायची. मला फक्त भोक दिसायचं.

"काय लिहिलं होतंस?"

"होतं काहीतरी. फाडलं."

दुसऱ्याची अर्धवट नोंद वाचायची एक युक्ती असते. आम्ही तिला कच्चं वाचन म्हणायचो. बायकोला त्याचा भारी राग. "लिहिणाऱ्याचं मन अजून ठरलेलं नसतं रे. कच्चं वाचणं म्हणजे चोरी."

साडेतीन वर्षांपूर्वी एका सकाळी आमचं वाजलं. तिला बढती मिळाली, अशी थाप मी सासूबाईंना मारली होती. म्हातारीने सगळ्या नात्यात फोन केले. "आता आईला मी काय तोंड दाखवू?" एवढं बोलून बायकोने दिवसभर माझ्याशी अबोला धरला. दुपारी मी यादीत लिहिलं, 'अजून रागावली आहेस?' नंबर मिळाला ४११६.

ती काहीतरी लिहू लागली. मध्येच थांबली, कपाळाला हात लावला, "आलेच," म्हणून उठली. जिन्याच्या वळणावर बसली, ती पुन्हा उठलीच नाही.

दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी नोंदीला ४११८ मिळाला. ४११७ रिकामा. लोक फोटोला हार घालतात. मी साडेतीन वर्षं एका भोकाकडे बघतोय.

तर त्या दुपारी मी नव्या सर्व्हरवर चाचणी केली. शेवटचा नंबर ५२०८ होता. पहिली नोंद ५२०९, ती पुसली. पुढची ५२१०. ५२११ मध्येच रद्द केली. मग ५२१२. अगदी शहाण्यासारखं. अहवाल लिहिला, सही तेवढी बाकी ठेवली. मग जुन्या सर्व्हरचा निरोप घ्यावा, म्हणून ४११६ उघडलं.

उघडलं आणि बाजूला नजर गेली. सर्व्हरला कोण कोण जोडलेलं आहे, त्याची यादी तिथे असते. एक मी. आणि दुसरं कुणीतरी. तीन वर्षं, दोन महिने, अकरा दिवसांपासून. नोंद अर्धवट. यंत्राचं नाव बायकोच्या कॉम्प्युटरचं.

इमारतीत मी एकटा होतो. खाली दातांच्या डॉक्टरचा दवाखाना, तोही बंद. कुठेतरी नळ थेंब थेंब गळत होता. आणि संत्र्याच्या सालीचा वास आला... तिला साली टेबलाच्या खणात ठेवायची खोड होती. टेबल तर आता तिथे नव्हतंच.

मी सर्व्हरवाल्या पंख्याला फोन लावला. पंखा म्हणजे माणूस. सतत यंत्रं थंड ठेवायच्या गोष्टी करतो म्हणून ते नाव.

"दादा, थट्टा पुरे," तो म्हणाला. "दर महिन्याला मी स्वतः तो सर्व्हर बंद करून चालू करतो. त्यात कुणीच जोडलेलं राहत नाही."

"हिचा कॉम्प्युटर तू कुठे टाकलास?"

"मी कुठे टाकतोय? वहिनींचं यंत्र तुम्हीच घरी नेलंत ना? रडत होतात तुम्ही... विसरलात?"

विसरलो नव्हतो. ते घरी कोपऱ्यात आहे, वर चादर. त्याला वीजच नाही, कारण त्याची वायर काढून मी भाताच्या कुकरला लावली आहे. खोटं सांगत नाही, फिट्ट बसते.

फोन ठेवला. आणि मी चोरी केली. कच्चं वाचन चालू करून ४११७ मागितला.

'ऐक ना,'

एवढंच. मी पुन्हा मागितला.

'ऐक ना, सकाळी मी'

माझ्या मागे कुणी नव्हतं. मी पाहिलं नाही, पण नव्हतं. तिसऱ्यांदा मागितला.

'कच्चं वाचू नकोस म्हटलं होतं ना?'

मी पडद्यावरची ती खिडकी बंद केली. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो, शाळेत शिक्षा झाल्यावर बसतात तसा. घड्याळात पावणेसहा. सर्व्हर बंद झाला की अर्धवट नोंद गेली, कायमची. तिचं उत्तर तिने पक्कं करायच्या आधीच.

पुन्हा पंख्याला फोन. "बंद करू नकोस. थोडं थांब."

"कशाला?"

"कुणीतरी लिहितंय... अजून झालं नाही."

मग हळूच, "दादा... दहा मिनिटं. त्याहून जास्त माझ्या हातात नाही. वरून, मोठ्या मॅडमचा आदेश आहे."

देवमाणूस. ती दहा मिनिटं मी नुसता बसलो. वाचलं नाही. "सावकाश लिही," एवढं मात्र मोठ्याने म्हणालो. सहा दहाला आतल्या खोलीतली घरघर उतरत उतरत थांबली. जुना सर्व्हर गेला. वासही गेला.

डोळे पुसून मी अहवालावर सही करायला घेतली. शेवटची एक नोंद टाकून बघावी म्हणून नव्या सर्व्हरवर टाकली. नंबर यायला हवा होता ५२१३.

आला ५२१४.

५२१३ कुणीतरी आधीच घेतला होता. कोण जोडलेलं आहे त्या यादीत पुन्हा दोन नावं. दुसरं जोडलं गेल्याची वेळ सहा वाजून दहा मिनिटं. त्या नव्या सर्व्हरचा पत्ता माझ्याशिवाय आणि पंख्याशिवाय कुणालाच दिलेला नव्हता.

मी सही केली. चाचणी पास.

घरी पोचलो तेव्हा नुकतं अंधारलं होतं. किल्ली खिशात होती, पण दार उघडवेना. आतून कळा दाबल्याचा आवाज येत होता... थांबत, पुन्हा सुरू होत, मध्येच मागे जाऊन खोडत. तीन वर्षांत त्या घरातून मला कुणाचा आवाज आला नव्हता. मी पायरीवर बसलो. आवाज थांबल्यावरही बराच वेळ बसलो. मग आत गेलो. सगळं जागच्या जागी, वर चादर. चादरीवर हात ठेवला. खालचं यंत्र उबदार होतं.

त्याला आता चार महिने झाले. ५२१३ अजून रिकामाच दिसतो. मी कच्चं वाचत नाही, तिला घाई करत नाही. भात मात्र हल्ली पातेल्यात शिजवतो. कुकरची वायर त्या संध्याकाळपासून कुकरला नाही. कुठे लावलेली आहे ते मला माहीत आहे, काढायला हात होत नाही.