यादीत नसलेला अल्बम

हळदीच्या मांडवात काय करावं याला आगरी गावात बंधन नसतं. नाचावं, जेवावं, पुन्हा नाचावं. पण भर हळदीत स्पीकरच्या थप्पीला पाठ टेकून, कानात इअरफोन घालून बसलेलं माणूस ओवे गावानं त्या दुपारी पहिल्यांदाच पाहिलं असेल. ही मनस्वी. मैत्रिणीची, दिपिकाची हळद म्हणून विचुंब्याहून आली होती आणि चार वाजताच कंटाळली होती.

समोर कुणीतरी उभं राहिलं. गळ्यात हेडफोन, खांद्यावर वायरचं भेंडोळं. ओठ हलताना दिसले, म्हणून तिनं एक कान मोकळा केला.

"म्हटलं, एवढा मोठा साउंड लावलाय मी, आणि तुमी कानात काय घालून बसलाय? इज्जत काढताय का माझी?"

"साउंड चांगलाय तुमचा," ती म्हणाली. "गाणी वाईट आहेत."

"गाणी पब्लिकची हायत, माझी नाय. तुमची कुठली, ऐकू तरी द्या!"

मनस्वी इअरफोन कुणाला देत नसे. पण त्या दिवशी दिला बाई! तो तसाच, बायकांच्या आणि हळदीच्या परातींच्या मधोमध, डोळे मिटून उभा राहिला. अख्खं गाणं ऐकलं. मग हळूच म्हणाला, "मागं... पंखा चालूय का?"

ती बघतच राहिली.

नागपूरच्या दोघी बहिणींचा तो अल्बम होता, 'पंखा चालू ठेव'. उन्हाळ्यात हॉस्टेलच्या खोलीत, पंखा बंद न करता रेकॉर्ड केलेला. आदल्या वर्षीच्या यादीत मनस्वीनं त्याला पहिला नंबर दिला होता आणि त्या पंख्यावर तीन परिच्छेद लिहिले होते. ते वाचल्याशिवाय पंखा कुणाला ऐकूच आला नव्हता. ह्या पठ्ठ्याला न वाचता आला.

यादीचंही सांगायला हवं. मनस्वी न्यू पनवेलच्या एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर नंबर काढायचा आणि उरलेल्या वेळात ऐकायचं, असं तिचं आयुष्य. मोठ्या कंपन्यांचं नाही, स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या खोलीत गाणी करणाऱ्यांचं. गेली चार वर्षं दर एकतीस डिसेंबरला ती ब्लॉगवर 'वर्षाचे दहा अल्बम' टाकते. वाचणारे जेमतेम चारशे. पण ती लिहायची अशी, की जणू सुप्रीम कोर्टाचा निकाल! बाबा म्हणायचे, "ही गाणी ऐकत नाही, पेपर तपासते." त्यात खोटं काही नव्हतं.

आठवड्याभरात तो साउंडवाला दिपिकाकडून पत्ता काढून दुकानात हजर. नाव कुंदन. डोळ्यांना त्रास होतो म्हणे.

"आता स्पष्ट दिसतंय, की आधी दिसत होतं?" तिनं भिंग बदलत विचारलं.

"मधे तुमी येताय."

"मी बाजूला उभी आहे."

"तरी तुमीच दिसताय..."

"मग नंबर फारच मोठा असणार," ती कोरडेपणानं म्हणाली आणि कागदावर लिहिलं, दृष्टी उत्तम. कागद देताना हसू काही लपलं नाही.

मग काय! चहा झाला, दुसरा चहा झाला, 'तुम्ही'चं 'तू' झालं. स्पीकरनं भरलेल्या टेम्पोत पुढे बसून दोघं कर्नाळ्यापर्यंत जाऊन यायची. ती ऐकवायची: गुवाहाटीच्या पोराचा 'अर्धा पूल', ज्यात एक बाई फक्त बसस्टॉपची नावं गाते. सांगलीच्या तिघांचा 'गच्चीवरची टाकी', ज्यात ढोलक पाण्यात बुडवून वाजवलाय. तो ऐकायचा आणि नेमकं तेच पकडायचा, जे तिला आवडलेलं असायचं. ही प्रेमात पडली होती, सरळ गोष्ट आहे. पण मनस्वी स्वतःला सांगायची, चांगला श्रोता आहे इतकंच.

नोव्हेंबरात कुंदननं एक लिंक पाठवली. त्याचा स्वतःचा अल्बम! 'धुक्याची बाल्कनी'. आठ महिने गुपचूप करत होता.

"यादीत येईल ना गं?" त्यानं हसत विचारलं. पण बोटं वायरला पीळ घालत होती.

तिनं चारदा ऐकला. दुसऱ्या गाण्यात चेलो, कारण तिनं कुठल्याशा यादीत चेलोची स्तुती केली होती. चौथ्यात वीस सेकंद शांतता, कारण 'थांबायचं धाडस' असं तिनं कौतुकानं लिहिलं होतं. सहाव्यात पंखा. बसस्टॉपची नावंसुद्धा होती. शेवटच्या गाण्यात कॉफी, बाल्कनी आणि धुकं. कुंदन कॉफी पीत नाही. त्याच्या घराला ओटा आहे, बाल्कनी नाही. सगळं सुरात होतं, आणि कुंदन त्यात औषधालाही नव्हता.

तिला आधी राग आला. मग तिनं यादी उघडली. नऊ अल्बम ठरले होते, दहावी जागा रिकामी होती. तिथं त्याचं नाव टाकलं तर कोण विचारणार होतं? टाकलं नाही तर मात्र तो खचणार होता. कुणाला काय वाटेल याचा विचार तिनं यादी लिहिताना कधी केला नव्हता. ह्या वेळी दुसरा विचारच सुचेना.

तीस डिसेंबरला संध्याकाळी ती ओव्याला त्याच्या घरी गेली. घरामागच्या शेडमध्ये कुंदन स्पीकर पुसत होता.

"ह्यात तू कुठेयस?" तिनं उभ्या उभ्याच विचारलं.

त्याचा हात थांबला. "चारही वर्षांच्या याद्या पाठ हायत मला. तुला जे जे आवडलं, ते सगलं घातलं."

"माहितीय. माझंच ताट मला वाढलंस. कुंदन, यादीत नाही घेत मी तो."

"दहावा पन नाय?"

"नाही."

तो पुन्हा पुसायला लागला, एकच जागा, जोरजोरात. "कोनाला कललं असतं?"

"मला!" तिचा आवाज चढला आणि मधेच फाटला. "घेतला असता तर तू खूश झाला असतास, आणि मी आयुष्यभर तुझ्याशी खोटं बोलत राहिले असते! रोज उठून! असं कसं राहायचं रे मी?"

कुंदननं फडकं खाली ठेवलं.

"किती वर्षं म्हनालीस?"

मनस्वीला आत्ता कळलं, आपण काय बोलून बसलो ते. कानाच्या पाळ्या तापल्या. निकाल मागे घ्यायची तिला सवय नव्हती.

"आयुष्यभर," ती म्हणाली. "म्हणाले मी. ऐकलंस ना... आता चिडायचं तर चीड."

"राग हाय मला," कुंदन म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं आणि हसू काही केल्या आवरत नव्हतं. "जाम हाय. पन तो उद्या धरतो गं... आज नाय जमायचं."