दुसऱ्या रांगेतली आक्का

दार लोटून घ्या आणि बसा जरा. सराव संपला, आता घाई कसली? मघाशी तुमच्यापैकी कुणीतरी म्हणालं, पोस्टमन आजोबांचा आवाज थरथरतो, त्यांना चर्चच्या कॉयरमधून काढा. कोण म्हणालं ते मी विचारत नाही. फक्त माझ्या एका मित्राचं काय झालं ते ऐका, मग ठरवा.

तो या कॉयरचा मास्तर होता, तुमच्या जन्माआधी. धंदा घड्याळं दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्याला घड्याळजीच म्हणत. कान असा तिखट, की भरल्या कॉयरमध्ये एकजण बेसूर झाला तरी नेमकं बोट त्याच्याकडेच जायचं. आई लवकर गेली त्याची. थोरल्या बहिणीनं, आक्कानं, त्याला वाढवलं. त्या नादात तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं. चुलीपाशी बसवून सूर शिकवला तोही तिनंच. आक्का कॉयरमध्ये दुसऱ्या रांगेत असायची, खालच्या सुरात गायची.

वय झालं तसा तिचा आवाज फाटायला लागला. एका शनिवारी ती कपडे वाळत घालत होती. हा दारात उभा राहून म्हणाला, "आक्का, उद्यापासून नुसते ओठ हलव. आवाज काढू नकोस."

"कुणी काही बोललं का रे?"

"सगळेच बोलतात."

धादांत खोटं. कुणी चकार शब्द काढला नव्हता.

आक्कानं हातातला टॉवेल झटकला, दोरीवर टाकला, चिमटा लावला. "बरं," म्हणाली. पुढं दोन वर्षं ती ओठ हलवत राहिली. कधी भान हरपून सूर निघालाच, तर हा सगळ्यांदेखत ओठांवर बोट ठेवायचा. आणि उपासना संपली की भोळीभाबडी माणसं तिला म्हणायची, "आक्का, किती मन लावून गाता हो तुम्ही." ती नुसती हसायची.

मग एका थंडीत न्यूमोनियानं गेली. दफनाच्या वेळी आम्ही गायलो, तर हा माझ्या कानाशी लागून म्हणतो, "वरचा सूर उतरला." बहीण मातीत चाललेली, आणि याचं लक्ष सुरात. त्या दिवशी माझ्या मनातून उतरला तो.

तिला जाऊन तीन महिने झाले असतील. शनिवारची रात्र, साडेदहाचा सुमार. दुसऱ्या दिवशी नवे पाळक पहिल्यांदा उपासना घेणार होते, आणि पायपेटीची एक पट्टी अडकत होती. घड्याळजी पिशवीत पेचकस घेऊन आला. चर्चची किल्ली त्याच्याकडेच असायची. त्यानं पट्टी मोकळी केली, धूळ फुंकली आणि वाजवून बघावं म्हणून बसला. वाजवणाऱ्याची पाठ कॉयरकडे असते, म्हणून पायपेटीवर आरसा लावलेला होता. त्यात मागच्या दोन्ही रांगा दिसायच्या.

त्यानं उद्याचं गीत धरलं. पहिलं कडवं झालं. दुसऱ्याला सहज वर पाहिलं.

दुसऱ्या रांगेत कुणीतरी बसलं होतं.

कोपऱ्यात. मान जराशी कललेली.

त्याचे हात चालूच राहिले. थांबायचं धाडस होईना. आरशात ओठ हलत होते. शब्दाला शब्द. आवाज नाही.

गीत संपलं. त्यानं बोटं उचलली. भात्यातली हवा सुस्कारा टाकून बसली.

ओठ हलतच होते.

"आक्का..."

ओठ थांबले नाहीत.

"आक्का, कुणी नाहीये इथं. गा ना. मोठ्यानं गा."

ओठ थांबले. ती आरशातून त्याच्याकडे बघत राहिली.

"मी खोटं बोललो होतो गं. कुणीच काही..."

तिनं हात उचलला. सावकाश. आणि ओठांवर बोट ठेवलं.

...

तो वळला. रांग रिकामी.

दुसऱ्या दिवशी उपासनेत कॉयर उभं राहिलं. सूर द्यायला घड्याळजीनं तोंड उघडलं. ओठ हलले. आवाज नाही. बोलायला यायचं त्याला, गिऱ्हाइकांशी भांडायचा तर मरेपर्यंत. गाणं मात्र... गेलं ते गेलंच. डॉक्टर म्हणाले, घसा ठणठणीत आहे. शेवटी नव्या मास्तरांनी त्याला दुसऱ्या रांगेत उभं केलं. ओठ हलवायला.

तुम्ही म्हणाल, भास झाला असेल. मनाला लागलं की घसाही धरतो. मीही तसंच म्हणून सोडून दिलं असतं. पण त्या रविवारी उजाडता उजाडता त्यानं मला घरून उठवून आणलं होतं. रात्रीचं सगळं मला सांगितलं, कुलूप काढलं, आणि आम्ही दोघं दुसऱ्या रांगेपाशी गेलो. बाकी सगळे अजून यायचे होते.

बाकावर ज्येष्ठमधाची काडी पडली होती. घशासाठी चघळतात ती. आक्का गायच्या आधी चघळायची. गाणं बंद झालं तरी दर रविवारी चघळायची.

घड्याळजीनं हात लावला नाही. मी उचलली.

एक टोक दातांनी कुरतडलेलं होतं. आणि ओलं.