पान उघडेपर्यंत

"ज्यानं कुनी हे पान बनवलंय ना, त्याला एकदा भर उन्हात माझ्या गाडीत कांद्याच्या गोण्या भरायला लावलं पायजे!"

नगरहून पाथर्डीकडे निघालेल्या जीपमध्ये माझ्या शेजारी दाटीवाटीनं बसलेला तरुण हे त्याच्या मोबाईलला सुनावत होता. आणि ते पान... ते पान मी बनवलं होतं!

आधीच सांगून टाकते, मला माझ्या कामाचा अभिमान आहे आणि तो लपवायची मला सवय नाही. नागापूर एमआयडीसीत लेथच्या एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आमची छोटीशी कंपनी आहे, आम्ही वेबसाईट बनवतो. एका खासगी कांदा मार्केटचं टोकनचं पान मी एकटीनं केलं होतं. शेतकऱ्यानं घरूनच टोकन घ्यायचं, म्हणजे लिलावाच्या दिवशी गाडी रांगेत ताटकळत नाही. वर कांद्याच्या शेताचा मोठ्ठा फोटो, वळणदार अक्षरं, खाली आजवरचे सगळे भाव. ऑफिसात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आणि हा कोण टिकोजीराव लागून गेला?

मी वळून पाहिलं. उन्हानं रापलेला चेहरा, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या आणि रागातही हसणारे डोळे. माझा राग जरा लटपटलाच.

"काय झालं एवढं?" मी शक्य तितक्या गार आवाजात विचारलं.

"बघा की तुमीच!" त्यानं तडे गेलेला मोबाईल माझ्यापुढे धरला. "गाडी आज गॅरेजात हाय, नायतर आमच्या गावातले कांदे माझ्याच पिकअपमधनं मार्केटला जात्यात. सगळ्यांची टोकनं मीच काढतो. पन हे उघडंल तवा खरं."

पान पांढरंफटक होतं. करंजी घाटाची दोन वळणं गेली तेव्हा कुठे बटणं आली, तीही कोरी. मग अक्षरं उगवली. त्यानं 'नवीन टोकन'वर अंगठा टेकवला आणि नेमका तेव्हाच माझा तो लाडका फोटो वरून अवतरला! अख्खं पान खाली सरकलं आणि अंगठ्याखाली आलं 'रद्द करा'.

"गेलं! सकाळी काढलेलं भिमाजी तात्याचं टोकन गेलं! आता म्हाताऱ्याला काय तोंड दाखवू?"

माझी कानशिलं तापली. ऑफिसातल्या जोरदार वायफायवर, महागड्या फोनवर हे पान कसं झरझर उघडायचं... पण करंजी घाटात ते उघडून पाहायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तिसगावात जन्मलेल्या माझ्या!

गप्प बसता आलं असतं. पण खोटं वागायचं माझ्या जिवावर येतं.

"ते पान मी बनवलंय," मी म्हणाले.

त्यानं मोबाईल खाली घेतला. मग ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबत म्हणाला, "मग... गोण्या भराया कवा येताय?"

"गोण्या नाही भरणार. पान नीट करून दाखवीन. याच मोबाईलवर!"

"नाव काय म्हनायचं मॅडमचं?"

"ज्ञानेश्वरी. तुमचं?"

"सूर्यभान. हसू नका, आजोबांचं हाय. चालू स्थितीत मिळालं, तसंच वापरतोय."

मी हसले. हसायचं नव्हतं, तरी हसले.

दुसऱ्याच दिवशी ऑफिसात आमच्या बॉस संस्कृती मॅडमनी मला बोलावलं. मार्केटवाल्यांकडे तक्रारींचा पाऊस पडला होता. "महिनाअखेरच्या मोठ्या लिलावाआधी पान सुधारलं नाही, तर ते हे काम पुण्याच्या कंपनीला देणार आहेत, ज्ञानेश्वरी. तू केलेलं सगळं पुसून ते नवीन करतील."

पुसून? माझं पहिलं स्वतंत्र काम? मी तिथंच तक्रारींची यादी मागून घेतली.

सूर्यभानला मी जीपमध्येच पत्ता दिला होता; तो नगरला आला की मार्केटात गाडी रिकामी करून आमच्याकडे यायला लागला. "मोबाईल आनलाय," दारातूनच ओरडायचा, जसा काही पेशंट आणलाय. मी फोटो बारीक केला आणि तो येईपर्यंत त्याची जागा रिकामी राखून ठेवली, म्हणजे पान सरकायचं थांबलं. वळणदार अक्षरं काढून फोनमधलीच साधी अक्षरं घेतली. 'रद्द करा' आता दोनदा विचारायला लागलं. एकदा सूर्यभानच्या शर्टावरून कांद्याचं लालसर साल माझ्या कीबोर्डवर पडलं. मी ते झटकलं नाही... का, ते मला तेव्हा विचारू नका.

"तुमी एवढं डोळे बारीक करून बघता, मला तर वाटतं माझंच कायतरी चुकलंय," तो म्हणायचा.

"तुमचं काही चुकत नाही. इकडे बघू नका, मोबाईलकडे बघा."

"मोबाईल रोज बघतो की."

असं काही बोलायचा आणि माझी बोटं भलतीच अक्षरं टाईप करायची.

पण पान काही पळेना! माझ्या कॉम्प्युटरवर वेग मोजणारे सगळे आकडे हिरवेगार, आणि त्याच्या फोनवर मात्र ते पुन्हा अडकून बसायचं. मोठा लिलाव तोंडावर आला होता. त्या दुपारी मी खुर्चीत मटकन बसले. "जाऊ दे. पुणेवालेच करतील नीट."

"ह्ये काय बोलनं झालं?" तो पहिल्यांदाच माझ्यावर चिडला. "जीपमधी ताठ मानेनं 'मी बनवलंय' म्हनलात, ती कुठं गेली? मला ती बाई लई आवडली हुती."

बोलून गेला आणि एकदम खिडकीबाहेर बघायला लागला. त्याचे कान लाल झाले होते. माझेही झाले असणार, पण मी उठले.

"चला खाली. गाडीपाशी उभे राहा आणि रोज टोकन काढता तसंच काढा. मी काही बोलणार नाही, नुसती बघणार."

खाली थंडीतलं ऊबदार ऊन होतं. पिकअपला टेकून त्यानं पान उघडलं आणि तो वाट बघत थांबला. पान आल्यावर आजचा भाव पाहिला, टोकनचं बटण दाबलं आणि मोबाईल खिशात टाकला. झालं!

"तुम्ही खाली कधीच जात नाही?"

"खाली काय हाय?"

"मार्केट सुरू झाल्यापासूनचे सगळे भाव!"

"जुन्या भावाचं काय करू मॅडम, लोणचं घालू?"

मी जागच्या जागी उडीच मारली. तेच तर! मी हौसेनं जमवलेले हजारो जुने भाव कुणी पाहतच नव्हतं, आणि त्याचा बिचारा फोन ते सगळे मांडून झाल्याशिवाय हलत नव्हता. मी धावत वर गेले. आता आधी डोळ्यांसमोरचं तेवढंच मांडायचं, जुनं कुणी मागितलं तरच आणायचं. संध्याकाळी त्यानं बटणाला हात लावला आणि पान असं उघडलं, की त्यानं दचकून मोबाईल दुसऱ्या हातात घेतला.

खरी परीक्षा मात्र त्या मोठ्या लिलावाच्या दिवशी होती. मी सुट्टी टाकून सकाळीच तिसगावच्या पुढे त्याच्या गावात पोचले. पिकअपभोवती शेतकरी जमले होते; आज सूर्यभाननं टोकन ज्याचं त्याला काढायला लावलं होतं, प्रत्येकाच्या हातात मोबाईल. टोकन सुरू व्हायची वेळ झाली. सगळे अंगठे एकदम टेकले...

"आलं!"

"माझं बी आलं!"

भिमाजी तात्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला. "इतक्या लवकर? खोटं असंल. परत दाब रे."

"तात्या, खरं हाय," सूर्यभान सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला. "ह्या ज्ञानेश्वरी मॅडमनी बनवलंय. तिसगावच्या हायेत, आपल्याच!"

सगळे माझ्याकडे वळले. अशा वेळी मान खाली घालायची असते म्हणे. मी मुळीच घातली नाही. "हो, मीच बनवलंय," म्हणाले. तेवढ्यात संस्कृती मॅडमचा फोन आला. मार्केटवाले खूश, काम आपल्याचकडे. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि मी ते पुसलंसुद्धा नाही.

माणसं पांगली. सूर्यभान गोण्यांवर दोर आवळत होता आणि बसलेली गाठ सोडून पुन्हा बांधत होता.

"लई भारी केलंत," तो दोराकडे बघत म्हणाला. "आता... मोबाईल दाखवाया यायचं काय काम न्हाई उरलं."

 खरंच की! माझ्याच हातांनी मी त्याचं येणं बंद करून ठेवलं होतं.

"जरासं बिघडवून ठेवलं असतं तर...?" तो पुटपुटला.

"माझं काम मी बिघडवणार नाही. तुमच्यासाठीसुद्धा नाही!"

त्याचा चेहरा उतरला. मी एक पाऊल पुढे गेले.

"आणि तुम्हाला भेटायला मला काही बिघडलेलं लागत नाही. तुम्ही मला आवडता, सूर्यभान. सरळ सांगते."

दोर त्याच्या हातातून सुटला. "हे... परत म्हना की."

"एकदाच सांगायचं असतं. कळलं नसेल तर राहू द्या."

"कळलं! कळलं!" तो घाईघाईनं म्हणाला, आणि मग अगदी हळू, "मला बी आवडता. पार जीपमधल्यापासनं. पन तुमी रागात हुतात, मी गोण्यांचं बोललो..." त्यानं सुटलेला दोर उचलला. "घरी काय सांगनार?"

"सांगेन, कांद्याच्या गाडीवाला आहे आणि माझ्या कामात चुका काढतो."

"आन् आई काय म्हनंल?"

"म्हणेल, एवढी हिंमत असलेला एक तरी भेटला."

तो खो खो हसत सुटला. मग गाडीचं दार उघडून अवघडून उभा राहिला. "मी मार्केटलाच चाललोय... पन रस्ता तिसगावातनं जातो. चौकात सगळी वळखीची मानसं असत्यात. तुमाला चौकाच्या अलीकडंच सोडू का?"

 मी पुढच्या सीटवर चढून बसले. तिसगावचा चौक आला, पानटपरीपाशी उभ्या असलेल्या माझ्या चुलत्यांची मान वळली, आणि मी काच पार खालपर्यंत उतरवली. बघू देत सगळ्यांना!