काचनळीवरचं कडं

“काका, सिग्नलच येत नाहीये.”

संशोधक मुलीने हाक मारली. यंत्रांची देखभाल करणाऱ्या काकांनी आपलं घड्याळ काढून दाराजवळच्या ताटलीत ठेवलं. चुंबकाजवळ घड्याळ न्यायचं नाही, हा इथला शिरस्ता. मग ते टेबलाशी आले.

टेबलावर मावेल एवढंसं ते एनएमआर यंत्र, चुंबकाच्या मदतीने पदार्थाची रचना तपासणारं. चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं, वेटोळ्यात काचेची नळी. नळीतल्या तेलाला रेडिओलहरींचा ठोका द्यायचा, की पडद्यावर उत्तर उमटायचं. आज पडदा सपाट. आणि बारा वाजता परीक्षक यायचे होते.

काकांनी नळी वर काढली. ती किती खोल जायची, हे तिच्यावरचं रबरी कडं ठरवी. कडं बोटभर खाली आलं होतं. नळी वरच अडकत होती, तेल वेटोळ्यापर्यंत पोचतच नव्हतं.

“तू हलवलंस?”

“नाही हो. वर्षभरात एकदाही नाही. काल संध्याकाळी सगळं ठीक होतं.”

कडं जागेवर आणताच पडद्यावर लाट उसळली. पण विभागप्रमुख बाई दारातच उभ्या होत्या.

“म्हणजे हे कडं सरकतं तर. मग वर्षभराची मोजमापं कुठल्या खोलीवरची? असला प्रबंध मी परीक्षकांपुढे ठेवणार नाही.”

“बाई, कुणीतरी मुद्दाम...”

“कोण? सांग की.”

मुलगी यंत्रासमोरच्या स्टुलावर बसली.

बाईंच्या मागे काकांचा पुतण्या येऊन उभा होता. काकांनी त्याच्याकडे पाहिलं. भाऊ गेल्यावर त्यांनीच वाढवलेला. तोही इथेच संशोधन करी. विभागात शिक्षकाची जागा एकच, आणि उमेदवार दोन: तो आणि ही मुलगी.

“तू कधी आलास रे?”

“आत्ताच. यंत्राकडे फिरकलोही नाही.” त्याने मनगट वर केलं. “बारा वाजले की. परीक्षक खाली आले असतील.”

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा झाले होते.

काकांनी पुतण्याच्या मनगटावरचं घड्याळ निरखलं. देवा, गप्प बसता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण ती पोर रडतही नव्हती, नुसती पडद्याकडे बघत होती.

“बाई,” काका म्हणाले, “हे घड्याळ याच्या बापाचं. रोज चावी मीच देतो. आज सातला बरोबर होतं, आता पाऊण तास पुढे धावलंय. आतल्या केसासारख्या स्प्रिंगचे वेढे चुंबकाने एकमेकांना चिकटले, की घड्याळ असंच धावतं. घाईत हा ते ताटलीत ठेवायला विसरला आणि हात फटीशी नेला. ते कडं मी घट्ट बसवलेलं, पिळल्याशिवाय हलत नाही. ते सरकलं नाही, सरकवलं. तेही आज सकाळी. पोरीची मोजमापं खरी आहेत.”

पुतण्याने मनगट मागे घेतलं.

“काका, तुम्ही माझे ना?” पुतण्या पुटपुटला.

“म्हणून तर मला कळलं.”

“जागा एकच होती हो.” त्याने मान खाली घातली.

“तू हे सगळं लेखी दे,” बाई त्याला म्हणाल्या. मग मुलीकडे वळल्या. “ऊठ, तोंड धू. परीक्षकांना मी सांगते. चुकलं माझं.”

त्या दोघी गेल्या. काका खुर्ची ओढून पुतण्याजवळ बसले.

“घरी कुठल्या तोंडाने येऊ?”

“माझ्याबरोबर ये. काकूला दोघं मिळून सांगू.”