बंद कार्डांची यादी

मोबाईल खिशात घाला आधी. ही गोष्ट ऐकीव नाही. अंगद माझ्या साडूचा पोरगा, दिंद्रुडचा. त्यानं ती माझ्यासमोर बसून सांगितली, पुढ्यातल्या चहाला हातही न लावता. दोन हजार पंचवीसची दिवाळी. तेवीस ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीजेची रात्र.

अंगद आपल्या जिल्ह्यातल्याच एका साखर कारखान्यात कॉम्प्युटरची खोली सांभाळायचा. त्याच्या आधी तिथं उत्तरेश्वर नावाचा माणूस होता, हाताचा पक्का. त्यानं बासष्ट स्क्रिप्ट लिहून ठेवल्या होत्या. स्क्रिप्ट म्हणजे मशीनला लिहून दिलेली दोन-चार ओळींची कामं. डिस्क भरली की जुन्या नोंदी झाडून काढणारी एक, अडकून बसलेलं काम मारून टाकणारी एक, रात्री सगळ्याची नक्कल काढणारी एक. खोलीचं दारसुद्धा त्याच्याच स्क्रिप्टवर चालायचं. कार्ड लावलं की मशीन यादी बघणार, मग दार उघडणार, जाताना आणि येतानाही. प्रत्येक स्क्रिप्टच्या डोक्यावर लिहिणाऱ्याचं नाव, ही त्या धंद्यातली रीत. दोन वर्षांमागं उत्तरेश्वर त्याच खोलीत वारला. रात्री दार अडकलं, बॅटऱ्या तापल्या, वायू कोंडला. सकाळी दार तोडावं लागलं.

तर त्या रात्री डिस्क भरून वजनकाटा बंद पडला. साडेबाराला अंगद, बायको सुकन्याला घरी ठेवून, कारखान्याच्या गेटवर पोचला. वॉचमन धुळाजी शेकोटीपाशी बसलेला.

"सण हाय, उद्या कर की बे."

"न्हाई मामा. सकाळी चेअरमन साहेब येणार हायत. सोता काय काय केलंस ते दाखीव म्हणलेत, मंग कायम करू."

"सुकन्याचे दिवस भरलेत ना? तिला एकटीला ठिवून आलास व्हय?"

"तासाभरात आलोच."

"त्या खोलीत मोबाईल लागत न्हाई, ध्यानात ठिव."

डिस्कचं काम वीस मिनिटांत झालं. उत्तरेश्वरचीच स्क्रिप्ट चालवली, काटा सुरू झाला. आता साहेबांना काय दाखवायचं? स्वतःचं तर काही नव्हतं. पण आयत्या बिळावर नागोबा व्हायला वेळ कितीसा लागतो? त्यानं एक ओळ लिहिली. साऱ्या मशीनवर जिथं जिथं उत्तरेश्वर असेल, तिथं तिथं अंगद कर. बटण दाबलं. बासष्टच्या बासष्ट त्याच्या झाल्या. असली ओळ चालवण्याआधी ती कुठं कुठं हात घालणार हे बघायचं असतं. ते त्यानं बघितलं नाही. मला त्याचा राग येतो, खोटं कशाला बोलू. पण घरात लेकरू यायचं होतं आणि नोकरी रोजंदारीची, हेही खरं.

निघाला. दाराला कार्ड लावलं. लाल दिवा.

शर्टाला पुसून पुन्हा लावलं. लाल.

परत येऊन त्यानं बंद कार्डांची यादी उघडली. त्यात एकच ओळ होती. अंगद, मयत, कार्ड बंद.

त्याला हसू आलं. ती ओळ उत्तरेश्वरची. नावं बदलताना तीही बदलली होती. त्यानं ओळ पुसली अन् दाराशी गेला. लाल. मागं वळून बघितलं तर ओळ जागेवर. हां, नकलेवरून यादी पुन्हा आणणारी एक स्क्रिप्ट होती, दर मिनिटाला चालणारी, आणि नकलेतही नाव बदललेलं. त्यानं ती स्क्रिप्ट बंद केली.

ती सुरू झाली.

पुन्हा मारली. पुन्हा सुरू झाली. कुणी केली सुरू? खोलीत तर तो एकटाच...

एसी थांबला. कोपऱ्यातल्या बॅटऱ्या टूं टूं करायला लागल्या. मग वास आला, सडक्या अंड्याचा. त्यानं दारावर लाथा घातल्या, धुळाजीमामा म्हणून घसा फोडला. पोलादी दार. बाहेर काही ऐकू जाईना. मोबाईलला एक काडी नाही.

यादीतली ओळ लांबली होती.

अंगद, मयत, १:५२.

घड्याळात एक बेचाळीस.

मशीनवर कोण कोण बसलंय, हे विचारायची एक ओळ असते. ती त्यानं टाईप केली. उत्तर आलं. दोघं.

अंगद.

अंगद.

तो मागं वळला नाही. मानेवर... नुसता गार श्वास. एसी तर बंद होता. डोकं जड व्हायला लागलं, अक्षरं पोहायला लागली. एक सत्तेचाळीस. त्याला सुकन्या दिसली, दाराकडं बघत बसलेली. तो जमिनीकडं बघून हळूच म्हणाला, "दादा, चुकलं माझं. तुमचं तुमाला देतो."

मग कीबोर्ड पुढं ओढला.

त्यानं उलटी ओळ लिहिली. जिथं अंगद, तिथं उत्तरेश्वर. तीनदा चुकली. चौथ्यांदा बटण दाबलं. वेळ एक पन्नास. भिंतीला धरून दारापर्यंत गेला. कार्ड लावलं. दिवा लागेना. लाल नाही, हिरवा नाही. किती वेळ...

हिरवा.

शंभर पावलांवर गेट. पळत जाऊन धुळाजीच्या पायाशी पडला. धुळाजीनं तोंडावर पाणी मारलं. "आरं काय झालं?"

"किती वाजले, मामा?"

"एक बावन. कावून?"

अंगद धुळाजीचा हात धरून उजाडेपर्यंत तिथंच बसला.

सकाळी त्यानं अर्जुनरावांना, म्हणजे चेअरमनना, सांगून टाकलं, "साहेब, ह्यातलं माझं काहीच न्हाई. उत्तरेश्वरदादाचं हाय सगळं." नोकरी अजून रोजंदारीचीच आहे. आठ दिवसांनी सुकन्याला मुलगी झाली.

त्या सकाळी साहेबांसमोर त्यानं स्क्रिप्ट मोजल्या होत्या. त्रेसष्ट भरल्या. नवी होती ती तीन ओळींची, दाराची. बाहेर पडणाऱ्याला कार्ड विचारायचं नाही, एवढंच काम. डोक्यावर नाव उत्तरेश्वरचं. लिहिल्याची वेळ, त्याच रात्रीची, एक बावन्न.

ती अजून कुणी पुसलेली नाही. त्या खोलीचं दार आता आतून नुसतं ढकललं तरी उघडतं.