सामाईक फाइलमधले नाव

कर्वेनगरातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात सकाळची पूजा आटोपली, नैवेद्याची वाटी झाकली गेली, आणि उत्कर्षा आपल्या दिवंगत नवऱ्याचा, इंद्रजीतचा, लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली. काम साधेच होते. इंद्रजीतने वडिलांसाठी सी या संगणकाच्या भाषेत एक छोटा एडिटर, म्हणजे मजकूर लिहायचा प्रोग्राम, रचला होता. वडिलांचा, ज्ञानदेवांचा, हात थरथरू लागला, लेखणी सुटली. तेव्हापासून त्यांचे नामलेखन आतल्या खोलीत, लॅपटॉपशी जोडलेल्या संगणकावर, त्या एडिटरवरच चाले. मुलाच्या वर्षश्राद्धापर्यंत एक लक्ष नाम लिहीन, असा त्यांचा संकल्प होता. श्राद्ध चार दिवसांवर आले होते, आणि एडिटर लिहिता लिहिता आपोआप मिटू लागला होता.

इंद्रजीत गेल्यापासून उत्कर्षाला रडू आले नव्हते. समोर येईल ते काम ती करी. भाजी निवडावी तसे तिने कोड निवडायला घेतले.

ज्या किमती कधी बदलायच्या नाहीत, त्या स्थिरांकांना इंद्रजीतने मनास येतील ती नावे दिली होती आणि सगळे एका सामाईक फाइलमध्ये ओतले होते. कोणत्याही फाइलने यावे, कोणताही उचलावा. उत्कर्षाने रीत लावली. प्रत्येक नाव मोठ्या इंग्रजी अक्षरांत, आणि जो स्थिरांक ज्या फाइलच्या कामाचा, तो तिच्यापुरताच. बाहेरून दिसणार नाही. ‘सोबत’ नावाचा एक होता, किंमत दोन. पडद्यावर ओळी काढणाऱ्या एकाच फाइलमध्ये तो वापरलेला दिसला. तिने तो तिथेच बंदिस्त केला. कोड तपासून चालता करणाऱ्या कंपाइलरने हूं की चूं केले नाही.

“बाबा, आता लिहून बघा.”

तासाभराने आतल्या खोलीतून हाक आली.

“मिटत नाही आता. पण खालची ओळ येत नाही गं.”

“कुठली?” ती दारात जाऊन उभी राहिली.

“मी एक ओळ लिहिली, की खाली दुसरी उमटायची.”

“म्हणजे दोनदा उमटत होती. त्यानेच तर पानं भरून तो मिटायचा. सांगायचंत ना इतके दिवस.”

“काय सांगायचं? तुम्ही लोक लगेच दुरुस्तीला बसता.” ज्ञानदेव किंचित हसले. मग आवाज खाली गेला. “दोनदा नव्हे. माझी ओळ बारा नामांची. खालची तेरांची... लहानपणापासून त्याला माझ्याहून एक जास्त लागायचं.”

ज्ञानदेवांनी पडद्याकडे बोट दाखवले.

“निम्मा संकल्प त्याने ओढला, उत्कर्षा. उरलेलं चार दिवसांत माझ्या एकट्याच्याने...” त्यांनी वाक्य सोडून दिले. ज्याचे नाव घ्यावे तो येतो, या निष्ठेवर त्यांनी आयुष्य काढले होते.

आपण आता घाबरायला हवे, हे उत्कर्षाला कळत होते. घाबरता आले नाही. ती टेबलाशी परतली, पानांची मर्यादा वाढवली, ‘सोबत’ला बंदिस्त जागेतून काढून सामाईक फाइलमध्ये पुन्हा बसवले आणि कंपाइल केले.

खाली सोसायटीत कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती. भर दुपार होती. तरीही घरात नुकत्याच विझलेल्या वातीचा वास पसरला. आतल्या खोलीतून कीबोर्डच्या कळांचा आवाज येऊ लागला. आधी ज्ञानदेवांचा, एकेक अक्षर चाचपणारा. तो थांबला. आणि मग दुसरा... भरभर, न अडखळता.

तिने वाकून पाहिले. ज्ञानदेवांचे दोन्ही हात मांडीवर होते.

“आला,” ते म्हणाले. डोळे मिटलेले होते.

उत्कर्षाने नजर पडद्याकडे वळवली. कंपाइलरने एक सूचना दिली होती. नवा स्थिरांक. तिने आज घालून दिलेल्या रीतीप्रमाणे मोठ्या अक्षरांत, एकाच फाइलपुरता बंदिस्त. नाव होते ‘उत्कर्षा’. सूचनेतली ती फाइल तिने फोल्डरमध्ये शोधली, नव्हती. तिने कोड पुन्हा कंपाइल केला. सूचना तशीच राहिली, आणि नावापुढे कंपाइलरचे नेहमीचे कोरडे शब्द: नेमले आहे, अद्याप वापरलेले नाही.