रांगेतला निरोप

चांद्रवसाहतीच्या नियंत्रणकक्षात त्या सकाळी प्रश्न एकच होता : नवी यंत्रणा घटनाप्रेरित असावी की नसावी?

"आज मध्यवर्ती संगणक प्रत्येक यंत्राला सेकंदासेकंदाला विचारतो, काही झालं का?" मुख्य आरेखक वैदेही सामक म्हणाल्या. "नव्या रचनेत कोणी कोणाला विचारायचं नाही. काही घडलं की ते यंत्रच निरोप टाकेल. निरोप रांगेत लागेल आणि ज्याचं काम, तो उचलेल. एकही निरोप हरवणार नाही."

"पण पोहोचेल कधी?" जुने अभियंते त्र्यंबक खोत यांनी विचारलं.

"क्षणार्धात."

"आणि रांग लांबली तर? बाई, कोठाराला, स्वयंपाकघराला झकास आहे तुमची रचना. तिथं तासभर उशीर झाला तरी कोणाचं अडत नाही. पण हवाकक्षाची दोन दारं, आतलं आणि बाहेरचं, एकदम उघडली तर सगळी हवा बाहेर, आपण सगळे गेलो. त्या दारांना थेट विचारावं, थेट उत्तर घ्यावं."

"दोन दारांसाठी वेगळी यंत्रणा कुठं सांभाळत बसायची, खोतसाहेब?" वैदेहींनी हसून विषय संपवला. खोत निवृत्तीला आले होते, आणि अशा माणसाचं बोलणं कोणी मनावर घेत नाही. हे चूकच आहे, पण असंच चालतं.

मग प्रत्येक विभागाची यादी आली. दिवा लागला, कळवा. नळ उघडला, कळवा. "असू द्या, लागेल कधीतरी," म्हणत वैदेहींनी सगळं जोडून घेतलं.

नवी यंत्रणा सुरू झाल्याच्या तिसऱ्या महिन्यात त्यांचा नवरा शारंग तीन तासांची हवा घेऊन बाहेर केबल दुरुस्तीला गेला. बाहेरच्या माणसाचा आवाजही आता त्याच रांगेतून येई. "काम चालू आहे, हवा भरपूर आहे," तो मधूनमधून सांगत होता. तीन तास भरायला पाच मिनिटं उरली, तरी तो तेच सांगत होता. वैदेहींनी निरोपाची मूळ वेळ पाहिली. ती पन्नास मिनिटांपूर्वीची होती.

त्या धावतच हवाकक्षाशी पोहोचल्या. दोन्ही दारांच्या काचांतून शारंग दिसला, बाहेर भिंतीला टेकून बसलेला. त्यांनी आतल्या बाजूचं हातचाक फिरवून बाहेरचं दार उघडलं. तो रांगत आत आला. दार लावलं, हवा भरली, आतलं दार उघडून त्या त्याच्याकडे झेपावल्या आणि त्याचं शिरस्त्राण काढलं. तो श्वास घेत होता. वैदेहींना रडू आवरेना.

"अगं, पाऊण तास दाराची कळ दाबतोय मी," तो कसाबसा म्हणाला.

"चुकलं माझं. चल आधी, ऊठ."

तेवढ्यात छतावरच्या कर्ण्यातून यंत्रणेचा शांत आवाज आला : "शारंग सामक दाराशी आले आहेत. बाहेरचं दार उघडत आहे."

आतलं दार उघडं असल्याचा निरोप रांगेत नऊ हजारावा होता.